सुपारी, सूर आणि तंटा



आमच्या आधी या व्यासपीठावर मोठमोठी पंडित मंडळी बोलून गेली. आमचा विषय बँडवाल्यांचा आहे. चालकांनी कार्यक्रमपत्रिकेत तो ‘प्रत्यक्ष संगीताच्या व्यवसायातील कलह व त्यांचे निवारण’ असा भारदस्त छापला, तेव्हा तो वाचून आमच्याच छातीत थोडे धस्स झाले. पण विषय तोच आहे. वरातीपुढे वाजवणारी माणसे, त्यांना सुपारी देणारी माणसे, दोहोंच्या मध्ये उभा असलेला मालक, आणि रस्त्याकडेच्या घरात झोपू पाहणारी माणसे, यांची भांडणे कशी लागतात, ती कशी मिटवावीत, आणि मिटत नसतील तर निदान कशी चालवावीत, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

संगीतातले आम्हाला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. सातवीनंतर आमची शाळा सुटली आणि छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम लागले. पुढे जे काही ज्ञान मिळाले ते आधी उलट्या अक्षरांत वाचून मिळाले. मग खिळ्यांचे छापखानेच बंद पडले. यंत्र आले की हातातली विद्या एका पावसाळ्यात कशी निरुपयोगी होते, हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही, अंगावर घेतलेले आहे. त्यानंतर आम्ही हमालांच्या युनियनचे काम धरले. त्या कचेरीत २००१ सालच्या पावसाळ्यात कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावचे सहा बँडवाले येऊन बसले. त्यांतले दोघे गणवेशातच होते, कारण दुसरा सदरा वाळत घातलेला होता. तेव्हापासून आम्ही या धंद्यात आहो, आणि आमची पहिली मोठी चूकही याच धंद्यात झाली. ती सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

पण आधी धंदा समजून घ्या. आपण सगळ्यांनी बँड ऐकला आहे. पाहिला मात्र थोड्यांनीच आहे. बँडवाल्याचे वर्ष पंचांगावर चालते. तुळशीचे लग्न झाले की त्याचा हंगाम उघडतो आणि चातुर्मास लागला की मिटतो. त्यातही पौष कोरडा, मध्येच अस्त आला तर तोही कोरडा. राहिल्या मोजक्या तिथी. त्या तिथींना मात्र एकाच मुहूर्तावर गावात दहा लग्ने! म्हणजे काम नसते तेव्हा कोणालाच नसते, आणि असते तेव्हा एका माणसाची दोन माणसे करता आली तरी कमीच. पावसाळ्यात चूल पेटवायला वाजवणारे मालकाकडून उचल घेतात. मालक ती उचल स्वतः व्याजाने पैसे आणून देतो, हे वाजवणाऱ्यांना ठाऊक असते, पण पटत नाही. काही वाजवणारे उचल घेऊन ऐन हंगामात दुसऱ्या बँडात उभे राहतात, हे आम्हाला ठाऊक होते, पण आम्ही ते बोलत नव्हतो.

शिवाय वाजवणाऱ्यांतही एकी असते असे समजू नका. क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम ही फुंकायची वाद्ये. ती वाजवणाऱ्याची मजुरी जास्त, कारण त्याला चाली पाठ लागतात आणि त्याचा ओठ हेच त्याचे हत्यार. तीन तास वाजवले की ओठ सुजतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप लावताना चटका बसतो. ढोल, साइडड्रम, झांजा हे ठोकणाऱ्यांचे काम. त्यांची मजुरी कमी, पण उन्हातान्हात खांद्यावरचे ओझे त्यांचे जास्त. फुंकणारा म्हणतो, ‘माझ्यावाचून गाणे नाही.’ ठोकणारा म्हणतो, ‘माझ्यावाचून नाच नाही.’ दोघेही खरे बोलतात.

आता ती रात्र. साल २००४, वैशाख महिना. सतरा वाजवणारे आणि आठ बत्तीवाल्या, असा ताफा होता. वरातीत नवरदेवाचे मित्र नोटा ओवाळून टाकतात; त्या कोणाच्या, यावर या धंद्यात जितके तंटे झाले तितके मजुरीवरही झाले नसतील. त्या हंगामापूर्वी मालकाने निम्म्या नोटा वाजवणाऱ्यांत वाटण्याचे कबूल केले होते. प्रत्यक्षात मालकाचा भाचा पिशवी घेऊन पुढे चाले, आणि पिशवीत किती पडले ते त्याच्याशिवाय कोणालाच कळत नसे. वाजवणारे आमच्याकडे आले. आम्ही त्या वेळी पस्तिशीच्या आतबाहेर होतो, संपाच्या इतिहासाची पुस्तके नुकतीच वाचली होती, आणि मालकाला कुठे धरावे ते आपल्याला कळते अशी आमची खात्री होती. आम्ही सल्ला दिला : ‘वरात मारुतीच्या देवळापाशी आली की वाजवणे थांबवा. तिथे मालकाला दुसरा बँड मिळणार नाही.’

तसेच झाले. देवळापाशी क्लॅरिनेट थांबले, पाठोपाठ सगळे थांबले. दहा मिनिटांत मालकाने नोटांचा निम्मा वाटा आणि माणशी तीस रुपये वाढ कबूल केली. आम्ही समोरच्या पानपट्टीवर उभे राहून हे पाहत होतो आणि आम्हाला फार बरे वाटत होते. परंतु त्या दहा मिनिटांत आणखी दोन गोष्टी घडल्या. मुलीचा बाप गर्दीतून पुढे आला आणि कोणापुढे हात जोडावेत ते न कळून त्याने एका झांजवाल्यापुढे हात जोडले. त्याने बँडाचे पैसे इसारासकट आगाऊ दिले होते. आमच्या भांडणात तो कोणाचाही लागत नव्हता. आणि दुसरे असे, की नवरदेवाच्या मित्रांनी कोणाच्या तरी जीपमधला टेप बत्त्यांच्या जनरेटरला जोडला, कर्णा लावला आणि नाच पुन्हा सुरू केला. बँड थांबला होता, पण वरात थांबली नव्हती. हे आम्ही पाहिले आणि हसलो. मालकानेही पाहिले, तो हसला नाही.

पुढच्या हंगामात त्याने कर्ज काढून डीजेची गाडी उभी केली. सतरांतले पाच ठेवले, बाराजणांना नारळ दिला. जिंकलेली तीस रुपयांची वाढ त्या पाचांना मिळाली, हे आम्ही पुढे कित्येक दिवस सांगत असू. ते खरेही होते.

‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण आपण सगळे शाळेत घोकतो. प्रत्यक्ष वाजवण्याच्या धंद्यात तिला फार नेमका अर्थ आहे. गिरणीत संप झाला तर कापड निघत नाही. इथे वाजवणारा थांबला तर संगीत थांबतेच असे नाही, कारण त्याच्याच जातभाईंनी आधी कधीतरी वाजवून ठेवलेले संगीत डबीत बंद करून ठेवलेले असते. वाजवणाऱ्याचा संप फोडायला त्याचाच जुना सूर येतो.

ही गोष्ट आमच्या लक्षात आली तेव्हा आम्ही शोधू लागलो, की जगात आणखी कोणावर हा प्रसंग आला होता काय. तो अमेरिकेत आला होता आणि फार मोठ्या प्रमाणावर आला होता. मूकपटाच्या काळात तिथल्या थिएटरांतून पडद्यापुढे वाजवणारे ताफे असत. आपल्याकडेही तबला-पेटी घेऊन बसणारे असत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि त्यांचे दिवस भरले. अमेरिकेत हे १९२७ नंतरच्या तीन-चार वर्षांत झाले आणि हजारो वादक रस्त्यावर आले. त्यातून जे राहिले त्यांच्यावर हॉटेलांतल्या नाणे टाकून वाजणाऱ्या पेट्या आणि रेडिओवरच्या तबकड्या आल्या. तेव्हा तिथल्या वादकांच्या महासंघाचे अध्यक्ष होते जेम्स सीझर पेट्रिलो. शिकागोचे, तरुणपणी स्वतः ट्रंपेट वाजवणारे, शिक्षण बेताचे, बोलणे रांगडे. आमच्या जातीचा माणूस, म्हणून आम्हाला त्यांचे आधीपासूनच अगत्य. १ ऑगस्ट १९४२ पासून त्यांनी हुकूम काढला की महासंघाच्या एकाही सभासदाने तबकडीसाठी वाजवायचे नाही. सभागृहात वाजवा, रेडिओवर प्रत्यक्ष वाजवा. तबकडी मात्र नाही. मागणी एवढीच, की तबकडीमुळे वादक बेकार होतो, तर कंपन्यांनी दर तबकडीमागे काही रक्कम द्यावी आणि त्यातून बेकार वादकांना काम मिळावे.

देश महायुद्धात गुंतलेला, वर्तमानपत्रे पेट्रिलोंवर तुटून पडलेली, पण महासंघ हटला नाही. डेक्का कंपनीने सप्टेंबर १९४३ मध्ये करार केला. ऑक्टोबर १९४४ मध्ये खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संप मागे घेण्याची विनंती केली, तीही पेट्रिलोंनी नाकारली. उरलेल्या दोन मोठ्या कंपन्या, कोलंबिया आणि आर. सी. ए. व्हिक्टर, ११ नोव्हेंबर १९४४ ला नमल्या. दोन वर्षे आणि तीन महिन्यांवर! कंपन्यांच्या पैशांतून निधी उभा राहिला, आणि त्यातून बागांत व इस्पितळांत फुकट मैफली होऊ लागल्या. ऐकणाऱ्याला फुकट, वाजवणाऱ्याला मात्र मजुरी. १९४७ च्या कामगार-कायद्याने असा निधी संघटनेच्या हाती ठेवणे बंद केले, तेव्हा १९४८ साली पुन्हा जवळजवळ वर्षभर तबकडीबंदी झाली आणि निधी स्वतंत्र विश्वस्ताकडे गेला. तो निधी आजही चालू आहे. युनियनच्या माणसाला ऊर भरून यावा असाच हा इतिहास आहे.

पण याची दुसरी बाजू आहे, आणि ती आम्हाला आमच्या मारुतीच्या देवळापाशी नेते. बंदी होती ती वाद्यांना. गळ्याला नव्हती, कारण गायक महासंघाचे सभासद नव्हते. कंपन्यांनी काय केले? गायकाच्या पाठीशी वाद्यांच्या जागी गाणाऱ्यांचाच ताफा उभा केला. माउथऑर्गन हे वाद्यच नव्हे अशी महासंघाची तेव्हा समजूत होती, त्यामुळे तेही चालले. शिवाय जुना साठा होताच. फ्रँक सिनात्रा यांचे १९३९ साली मुद्रित झालेले एक गाणे १९४३ मध्ये नव्याने बाजारात आले आणि भरपूर खपले. संपाच्या आधी लोक बँडाचे नाव विचारीत आणि गायक हा त्यातला एक नोकर असे. संप संपला तेव्हा लोक गायकाचे नाव विचारू लागले होते. हे सर्वस्वी संपामुळे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. युद्धाने ताफ्यांतली तरुण मुले उचलली होती, पेट्रोल आणि टायर मिळत नव्हते, आणि १९४४ साली नाचगाण्याच्या जागांवर जबर कर बसला होता. आमच्या गावीही डीजेची गाडी कधी ना कधी आलीच असती. पण ती त्या हंगामात का आली, हे आम्ही स्वतःपासून लपवू शकत नाही.

पेट्रिलोंच्या गोष्टीतला आम्हाला सर्वांत जास्त शिकवून गेलेला भाग मात्र कंपन्यांशी झालेल्या भांडणाचा नाही. तो घरातल्या भांडणाचा आहे. तबकड्यांवर आणि चित्रपटांत वाजवणाऱ्या वादकांत लॉस एंजेलिसचे पुष्कळ. त्यांच्या कामावर निधीत पैसा जमा होई आणि तो वाटला जाई देशभरच्या वादकांत, ज्यांतले पुष्कळजण दिवसा दुसराच धंदा करीत. लॉस एंजेलिसचा वादक म्हणे, ‘ओठ माझा सुजतो आणि पैसे दुसऱ्याला.’ गावोगावचा वादक म्हणे, ‘तुझ्याच तबकडीने माझे काम गेले, तेव्हा त्यात माझा वाटा आहे.’ सांगा, कोण खोटे बोलत होता? अशा वेळी दोघांना एका खोलीत बसवून ऐकून घ्यायला हवे होते. महासंघाच्या श्रेष्ठींनी तक्रार ही बंडखोरी मानली. १९५६ मध्ये सेसिल रीड या ट्रंपेटवादकाच्या पुढारीपणाखाली तिथली शाखा उठली; त्याला सभासदत्वातून काढले. १९५८ मध्ये त्याने वेगळी संघटना काढून स्टुडिओच्या वादकांचे मतदान जिंकले. त्याच वर्षी पेट्रिलो महासंघाच्या अध्यक्षपदावरून उतरले. फुटलेली मंडळी १९६१ मध्ये परत आली, पण ज्या गोष्टी आधी मागितल्या होत्या त्यांतल्या काही पदरात घेऊनच. म्हणजे जे पाच वर्षांनी दिले ते आधी देता आले असते. रूझवेल्टांपुढे न वाकणारा माणूस आपल्याच ट्रंपेटवाल्यापुढे हरला.

हे वाचल्यावर आम्ही ठरवले की भांडण टाळायचे नाही, पण त्याला वेळ आणि जागा नेमून द्यायची. वेळ आषाढाची, कारण तेव्हा कोणाच्या दारात वरात नसते आणि उचल अजून वाटलेली नसते. जागा धर्मशाळेची, कारण ती ना मालकाची, ना आमची. २००६ च्या आषाढात पहिली बैठक भरली. पाच बँडांचे मालक, त्यांचे बँडमास्तर, वाजवणारे, आणि आम्ही हट्टाने बोलावलेली तीन माणसे : एक मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक, एक मुलीचा बाप, आणि वरातीच्या रस्त्यावर राहणारे एक निवृत्त शिक्षक. मालकांनी विचारले, ‘भाऊ, हे कशाला?’ आम्ही म्हणालो, ‘पैसे यांचे आणि कान यांचे.’

पहिल्या दिवशी आम्ही कोणालाही मागणी मांडू दिली नाही. प्रत्येकाला एवढेच सांगितले की गेल्या हंगामातली एक वरात, तुम्ही पाहिली तशी, सुरुवातीपासून सांगा. कोणी मध्ये बोलायचे नाही. हे अवघड गेले. मालक दोनदा उठले आणि एकदा चपला घालून दारापर्यंत गेले. पण दुपारपर्यंत एक चमत्कार दिसला. सुपारी ‘तीन तासांची’ असते, हे सगळे सांगत होते. आणि तीन तास म्हणजे काय, ते प्रत्येकाचे वेगळे होते. मुलीच्या बापाचे तीन तास नवरदेव घोड्यावर बसला की सुरू होत. मालकाचे तीन तास जनरेटरची गाडी गल्लीतून निघाली की सुरू होत, कारण डिझेल तेव्हापासून जळते. वाजवणाऱ्याचे तीन तास तो गणवेश चढवतो तेव्हापासून. आणि निवृत्त शिक्षकांचे घड्याळ निराळेच. ते म्हणाले, ‘माझ्या दृष्टीने वरात माझ्या खिडकीखाली येते तेव्हा सुरू होते. मंडळी तिथल्या चौकात नाचायला थांबतात, त्यामुळे माझी वरात पाऊण तासाची असते, आणि तिथी असली की रोज चार.’ सभा हसली, पण त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला. इतकी वर्षे एकमेकांना लबाड म्हणणारी माणसे एकाच शब्दाचे चार अर्थ करीत होती, एवढेच काय ते!

त्यातून जो कागद तयार झाला तो दीड पानांचा आहे. खिळ्यांनी जुळवला असता तर आम्हाला अर्धा दिवस लागला असता. बँड दारात उभा राहून पहिले गाणे वाजवील तेव्हापासून वेळ मोजायची. ठरल्या वेळेवर अर्धा तास गेला की जादा पैसे, आणि त्यातला मोठा वाटा वाजवणाऱ्यांचा, कारण ओठ त्यांचा. ओवाळलेल्या नोटा कुलूपबंद डब्यात, डबा मास्तरच्या गळ्यात, किल्ली मालकाकडे, आणि उघडायचा सगळ्यांदेखत. ही डब्याची युक्ती आमची नाही, एका ढोलवाल्याची. त्याने ती देवळाच्या दानपेटीवरून उचलली. दुसऱ्या सुपारीला उशीर झाला तर ज्याच्यामुळे झाला त्याने भरपाई द्यायची. रात्री दहाचे काय, यावर दोन दिवस गेले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केले, सणावारासाठी सरकार वर्षाकाठी काही दिवस बारापर्यंत सूट देते तेवढी सोडून. आणि पुढे २०१० च्या दुरुस्तीने त्यात वाद्येही आली. ज्यांनी सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेचे राग ऐकले आहेत त्यांना या दहा वाजण्याचे दुःख आम्ही सांगायला नको. पण तिथे निदान मैफल लवकर सुरू करता येते. वरात मुहूर्तावर आणि नवरदेवाच्या मित्रांच्या मर्जीवर चालते. शेवटी ठरले की दहाला पाच कमी असता मास्तर हात वर करील आणि कोणी कितीही नोटा ओवाळल्या तरी बँड थांबेल. सुपारी घेतानाच हे यजमानाला वाचून दाखवायचे.

आणि एक कलम आम्ही स्वतः, कोणी न मागता, घातले : सुरू झालेली वरात मध्ये थांबवायची नाही. वाजवणाऱ्यांतल्या तरुणांना ते पटले नाही. ‘भाऊ, हातातली काठीच टाकून देता की!’ असे एकजण म्हणाला. म्हणून त्याच्या बदल्यात मालकांकडून आम्ही हे घेतले, की आदल्या तिथीची मजुरी चुकती झाली नसेल तर वाजवणारे दुसऱ्या दिवशी गणवेश चढवणार नाहीत, आणि तो संप मानला जाणार नाही. तेव्हा मालकाला दिवसभराचा अवधी असतो आणि मुलीच्या बापाला दुसरा बँड पाहता येतो. हे कलम हंगामात किती वेळा वापरावे लागले? पहिल्या वर्षी तीनदा, नंतर क्वचित.

सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. पाच मालकांतल्या दोघांनी सही केली नाही. एकजण म्हणाले, ‘भाऊ, कागदाला सूर नसतो’, आणि उठून गेले. सही करणाऱ्यांपैकी एकाने डब्याला दुसरी किल्ली करून घेतली. उचल घेऊन पळणारे वाजवणारे अजून पळतात, आणि आता आम्ही ते उघड बोलतो.

यानंतरचा प्रसंग आम्हाला सांगायला जड जातो. २००७ च्या हंगामात एका रात्री वरात संपल्यावर बत्तीवाली एक बाई आमच्यापुढे येऊन उभी राहिली. डोक्यावर चुंबळ तशीच होती. म्हणाली, ‘भाऊ, बत्ती आमच्या डोक्यावर, आन् कागदात आमचं नाव न्हाई व्हय?’ आम्ही कागद चाळला. खरोखरच नव्हते. बँडवाला म्हणजे वाजवणारा, असे आम्ही धरून चाललो होतो. पंचवीस माणसांच्या ताफ्यातल्या आठजणी आम्हाला दिसल्याच नव्हत्या, आणि दिव्याखाली त्याच उभ्या होत्या! अमेरिकेतल्या महासंघाच्या पुष्कळ शहरांत गोऱ्या आणि काळ्या वादकांच्या शाखा निराळ्या असत. लॉस एंजेलिसला त्या १९५३ मध्ये एक झाल्या. पेट्रिलोंच्या खुद्द शिकागोत १९६६ मध्ये. ते वाचताना आम्ही त्यांना मनोमन नावे ठेवली होती.

बायांना डब्यातला वाटा देण्याला विरोध कोणी केला? मालकांनी नव्हे. मालकाचा वाटा ठरलेला होता. त्याला काय फरक पडतो? विरोध केला वाजवणाऱ्यांनी, आमच्याच सभासदांनी. फुंकणारे आणि ठोकणारे, ज्यांचे कशावरच पटत नसे, त्यांचे यावर पटले. ‘बत्ती धरायला काय विद्या लागते?’ हा त्यांचा सवाल. आम्ही चिडलो, आणि पेट्रिलोंसारखेच बोलणार होतो. मग आठवले आणि गप्प बसलो. पुढच्या आषाढात पुन्हा तोच उपाय केला : एका बाईला एक वरात सांगायला लावली. तिने सांगितले की बत्त्या वायरने एकमेकींना बांधलेल्या असतात, त्यामुळे पुढची थांबली की मागचीला थांबावेच लागते. नाचणारा कोणीतरी वायरीत पाय अडकवतो आणि झटका मानेला बसतो. तीन तासांत खाली ठेवायची सोय नसते, आणि पाणी प्यायचे तर दुसरीने पाजावे लागते. एवढे सांगून ती बसली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तोच क्लॅरिनेटवाला, ज्याने २००४ मध्ये देवळापाशी पहिले वाजवणे थांबवले होते, म्हणाला, ‘पानी तरी लिवा कागदात.’ पाणी लिहिले गेले. वाटा लिहायला आणखी एक वर्ष लागले.

त्या क्लॅरिनेटवाल्याचे पुढे काय झाले तेही सांगतो. २००५ मध्ये नारळ मिळालेल्या बाराजणांत तो होता. दुसऱ्या एका बँडात तो दहा-बारा वर्षे टिकला. मग २०२० चा मार्च आला आणि ऐन हंगामात सगळे बंद झाले. २०२१ च्या एप्रिलात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी होती. त्यात वरात कुठली? तो साखर कारखान्यावर रखवालीला लागला. डीजेच्या गाडीचे हप्ते मात्र थांबले नाहीत. जुन्या मालकाला ती विकावी लागली. २०२२ च्या हंगामात मालक आमच्याकडे आला. लोक पुन्हा वाजवणारी माणसे मागताहेत, क्लॅरिनेटवाला कुठे असतो, म्हणून विचारू लागला. आम्ही दोघे मिळून कारखान्याच्या फाटकावर गेलो. त्याने वाद्य आणायला मुलाला घरी पाठवले, तोंडाला लावले, आणि दोन ओळी वाजवून खाली ठेवले. ‘ओठ गेला, शेठ,’ म्हणाला. मालक काहीच बोलला नाही. परत येताना रस्त्यात त्याने आम्हाला विचारले, ‘त्या रात्री तुम्ही पानपट्टीवर उभे होता ना?’ आम्ही हो म्हणालो.

आता तो आमच्या आषाढाच्या बैठकीला येतो आणि मागच्या बाकावर बसतो. क्लॅरिनेटवाल्याने दोन पोरे शिकायला घेतली आहेत; त्यांच्या रिकाम्या महिन्यांचा खर्च कोणी उचलायचा यावर गेल्या वर्षी वाद झाला, तो अर्धाच मिटला आहे. येत्या बैठकीत पहिला मुद्दा आपला घ्यावा असे बत्तीवाल्या बायांनी कळवले आहे. अलीकडचे दिवे एलईडीचे, वजनाला हलके. मालक म्हणतात, ओझे निम्मे झाले तर मजुरी तीच का? बाया म्हणतात, चालणे तेवढेच आहे. वाजवणाऱ्यांनी अजून आपले मत सांगितलेले नाही. बैठक नेहमीच्याच धर्मशाळेत आहे, आणि वरातीच्या रस्त्यावर राहणारे ते शिक्षक, आता ऐंशी उलटले आहेत तरी, येणार आहेत.